आणखी एक जोडा

मी फॉर्म बनवते. असं सांगितलं की लोक हसतात, कारण फॉर्म कुणीतरी बसून बनवतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. अंधेरी पूर्वेच्या एका कंपनीत मी बरीच वर्षं हेच करत आले आहे. विम्याचे फॉर्म, कर्जाचे, शाळाप्रवेशाचे. माणसाला स्क्रीनवर स्वतःबद्दल काही लिहून द्यायचं असतं तिथे कुठला रकाना आधी यावा, कुठला नंतर, चूक झाली तर ती कोणत्या शब्दांत सांगावी, हे ठरवणं माझं काम. त्यातही वाढत्या रकान्यांचं काम असलं की ऑफिसातले सगळे ते माझ्याकडे सरकवायचे. एखाद्याला एक मूल असतं, एखाद्याला पाच. कागदावर चार ओळी छापल्या तर एकाच्या तीन कोऱ्या राहतात आणि दुसऱ्याचं शेंडेफळ समासात जातं. स्क्रीनवर एकच चौकट दाखवायची, खाली बटण ठेवायचं, दाबलं की तशीच दुसरी उघडते. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात लोकांना ते बटण समोर असून दिसत नाही. ते पाचही मुलं स्वल्पविराम देऊन एकाच चौकटीत कोंबतात, नाहीतर काढून टाकायच्या खुणेवर बोट पडून भरलेलं सगळं घालवून बसतात.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, राहायला घाटकोपरला. आमच्या समाजाचं वधूवर मंडळ तिथेच एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर चालतं आणि मावशी त्याची कार्यवाह. मुलींसाठी गुलाबी फॉर्म, मुलांसाठी निळा, आणि ते ठेवायला भिंतभर कपाटं. अध्यक्ष म्हणजे बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ. उंच, पांढरे केस मागे वळवलेले, आवाज असा की माईकची गरज नाही, तरी माईक हातातून सुटायचा नाही. लोकांच्या घरातलं सगळं त्यांना माहीत असायचं आणि ते माहीत आहे हे ते विसरू द्यायचे नाहीत.

माझं लग्न याच मंडळातून जमलं आणि कांदिवलीत मोडलं. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा राहिलं नाही. दुसऱ्या वेळी हॉस्पिटलातून घरी आले तर सासूने माझे कपडे बॅगेत भरून ठेवले होते, नीट घड्या घालून. नवरा गॅलरीत उभा राहून फोनवर बोलत होता. त्याने बोलणं थांबवलं नाही. मी तीच बॅग उचलून मुलुंडला आईकडे आले. बाबा तोवर गेले होते. हे सगळं माहीत असलेल्या दोघीच, आई आणि मावशी. बाकीच्यांना आम्ही 'पटलं नाही' एवढंच सांगत आलो.

मंडळ ऑनलाइन करायचं ठरलं तेव्हा मावशीने बैठकीत माझं नाव सुचवून टाकलं आणि मग मला फोन केला. म्हणाली, घरचंच काम आहे, तुझ्या हातचा मळ. मी हो म्हटलं, कारण आईने आधीच हो म्हणून ठेवलं होतं. पण काम सुरू केल्यावर मला ते आवडायला लागलं, हेही खरं. विम्याचा फॉर्म कोण भरणार ते मला कधीच दिसत नाही. इथली माणसं मला माहीत होती. कुणाच्या घरात किती भावंडं, कोण नाव सांगताना आधी आडनाव सांगतं, कोणाला जन्मवेळ तोंडपाठ असते, सगळं. साइट उभी करायला ऑफिसातल्या एका मित्राने मदत केली, फॉर्म मात्र पूर्ण माझा.

पहिली चाचणी आईवर घेतली. तिला लॅपटॉपसमोर बसवून म्हटलं, मावशीच्या मुलीचं नाव नोंदवायचंय असं समज आणि भर. चाचणीचा माझा एक नियम आहे. भरणाऱ्याला काही सांगायचं नाही, काही दाखवायचं नाही. हात मांडीखाली दाबून बसायचं, नाहीतर बोट आपोआप स्क्रीनकडे जातं. आईने भावंडांच्या पहिल्याच चौकटीत सगळी नावं एकापुढे एक लिहिली आणि मला विचारलं, बरोबर आहे का. मी गप्प. तिने पुन्हा विचारलं. मी गप्पच. ती चष्मा पुसायला लागली, मग खालचं बटण दाबायच्या ऐवजी भलतंच काहीतरी दाबलं आणि नावं गेली. ती माझ्याकडे बघत राहिली, शाळेत उत्तर न आलेल्या मुलीसारखी. मला दिसत होतं, पण मी हलले नाही. माणूस नेमका कुठे अडतो ते बघितल्याशिवाय फॉर्म सुधारत नाही.

"फार निष्ठुर होतेस गं तू या कामात," ती उठताना म्हणाली.

त्यानंतर मी ती चौकट अरुंद केली, म्हणजे तिच्यात एकच नाव मावेल. वर 'भावंड १' असं लिहिलं, म्हणजे पुढे 'भावंड २' येणार हे न सांगता कळेल. बटण शेवटच्या चौकटीला चिकटून खाली आणलं, आणि काढून टाकायची खूण त्याच्यापासून लांब, उजव्या टोकाला नेली. चुकून काही काढलंच तर लगेच 'परत आणा' असं दिसेल. उघडून कोरी सोडलेली चौकट असली तर फॉर्म कुरकुर न करता ती गाळून टाकेल. आईला पुन्हा बसवलं. या वेळी तिने एकदाही माझ्याकडे न बघता शेवटपर्यंत भरला आणि म्हणाली, हा झकास झाला.

मग फॉर्म कमिटीसमोर गेला. जुन्या गुलाबी फॉर्मवर 'घटस्फोटाचे कारण' असा रकाना होता. निळ्यावर नव्हता. मी दोघांना एकच फॉर्म ठेवला होता. अध्यक्ष म्हणाले, मुलग्यांचं वेगळं असतं. मी म्हटलं, एकच फॉर्म सांभाळायला सोपा पडतो. ते त्यांना पटलं, किंवा त्यांनी पुढचा विचार केला नाही. पण त्यांनी दोन गोष्टी घालायला लावल्या. आधीची लग्नं लपवून काही जणांनी मंडळाला गोत्यात आणलं होतं, म्हणून पूर्वीच्या विवाहाची चौकटसुद्धा भावंडांसारखी वाढती हवी. आणि कारण लिहिणं सक्तीचं हवं. मी विरोध केला. सांगितलं की माणूस तिथे थबकेल, फॉर्म सोडून जाईल नाहीतर खोटं लिहील, आणि दोन्हीत मंडळाचा काही फायदा नाही. अध्यक्ष म्हणाले, जाणारे जाऊ देत. मावशीचं वेगळंच होतं. त्या चौकटीखालच्या बटणावर मी 'आणखी एक विवाह जोडा' असं लिहिलं होतं. तिला ते वाचूनच कसंतरी झालं. अभद्र दिसतं, म्हणाली, मोघम लिही. मग फॉर्मभर सगळीकडे नुसतं 'आणखी एक जोडा' झालं. बटण कशाचं आहे ते बटणावरच लिहावं, हे मी ऑफिसात नव्या मुलांना शिकवते. इथे मी मान डोलावली.

मंडळाचा वार्षिक मेळावा मुलुंडच्या एका शाळेच्या सभागृहात होता, रविवारी सकाळी. आई-वडील आपापल्या मुलांचे फोटो पिशवीत घालून आले होते. उपम्याचा वास येत होता. स्टेजवर एका टेबलाशी मी लॅपटॉप घेऊन बसले, मागे मोठा पडदा. आई तिसऱ्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. माझी मुलगी हे सगळं करतेय, असं तिने आजूबाजूच्यांना सांगितलेलं होतं, कारण त्या बायका माझ्याकडे बघून हसत होत्या, चांगलं हसत होत्या.

अध्यक्षांनी शुभारंभ जाहीर केला आणि म्हणाले की पहिली नोंद खोटी नको, खरी हवी. कुणीतरी पालकांनी वर यावं. कुणी उठेना. पडद्यावर आपल्या घरचं उघडं पडणार हे सगळ्यांना कळत होतं. तेव्हा स्टेजवर बसलेल्या मावशीने दुसरा माईक ओढला.

"तू स्वतःचाच भर ना. तुझं नाव कधीतरी नोंदवायचंच आहे."

मी हळूच म्हटलं, मावशी, नको. माईक जवळ होता, ते सभागृहाला ऐकू गेलं. अध्यक्ष हसून म्हणाले, हॉटेलवाल्याने आपल्या हातचं खाऊन दाखवायला नको का. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भरायला लागले.

नाव, शिक्षण, नोकरी. जन्मसाल लिहिल्यावर पुढच्या रांगेत कुणीतरी बोटांवर वय मोजलं. वैवाहिक स्थितीत मी 'घटस्फोटित' निवडलं आणि माझ्या फॉर्मने अगदी मी शिकवलं होतं तसं केलं. पानाला धक्का न देता खाली एक चौकट अलगद उघडली, 'पूर्वीचा विवाह १'. त्याखाली बटण, 'आणखी एक जोडा'.

मागच्या रांगेतून एका पुरुषाचा आवाज आला, "पहिला जोडा चावला वाटतं."

सगळं सभागृह हसलं. पोटातून हसलं. मी समोर बघितलं तर तिसऱ्या रांगेत आई हसत होती. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, शेजारणीकडे बघून.

अध्यक्षांना सभा आपल्या हातात आली की सोडवत नसे. ते म्हणाले, दाबा ना, लोकांना कळू दे कसं वाढतं ते. मी दाबलं. 'पूर्वीचा विवाह २' उघडलं. अजून दाबा, म्हणाले. तिसरं. चौथं. प्रत्येक चौकटीबरोबर हशा वाढत गेला. नुसत्या कोऱ्या चौकटी काय दाखवता, म्हणाले, काहीतरी साल टाका, उदाहरण म्हणून. मी सालं टाकली. त्यांनी प्रत्येक सालाला माईकवरून अभिनंदन केलं. वरच्या कोपऱ्यात माझं नाव होतं, माझा फोटो होता आणि खाली माझी चार लग्नं.

कारणाचा रकाना मी कोरा ठेवून पुढे जायचा प्रयत्न केला. अर्थातच लाल अक्षरं आली. 'कृपया कारण लिहा. त्याशिवाय पुढे जाता येणार नाही.' हे वाक्य मीच लिहिलं होतं, आणि ते सौम्य वाटावं म्हणून 'कृपया' घालावं की नाही यावर बराच विचार केला होता. अध्यक्ष म्हणाले, बघा, फॉर्म कुणालाच सोडत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, लिहा काय ते.

'पटलं नाही' एवढं लिहायचं होतं, पण बोटं उठेनात. आणि मावशी, जिला बहुतेक एवढंच वाटत होतं की कार्यक्रम रेंगाळतोय आणि जेवणाला उशीर होतोय, माईकमध्ये म्हणाली, "मूल टिकत नव्हतं असं लिही. दोनदा गेलं. खरं आहे ते लिहायला काय झालं?"

हशा थांबला. कुणीतरी च्च केलं. मी टाइप केलं, 'मूल टिकत नव्हतं', आणि अक्षर अक्षर पडद्यावर उमटताना सगळे वाचत होते. खालच्या तिन्ही चौकटींत तेच चिकटवलं, कारण त्याही सक्तीच्या होत्या. मग 'पाठवा' दाबलं. 'आपली नोंद झाली आहे. धन्यवाद.' टाळ्या वाजल्या.

परतताना रिक्षात मी आईला म्हटलं, तू हसलीस.

"सगळेच हसत होते गं," ती म्हणाली. रिक्षा टोलनाक्याच्या बाजूला वळली तेव्हा पुन्हा म्हणाली, "जोडा चावतो ते ऐकून आलं हसू. तुला नव्हते हसले."

घरी पोचल्या पोचल्या मी ती नोंद साइटवरून काढून टाकली. मला वाटलं, संपलं. पण आलेला प्रत्येक फॉर्म आपल्याला मेलवरही यावा अशी सोय अध्यक्षांनी मागून घेतली होती, आणि वर्षाची छापील पुस्तिका त्यांनी त्या मेलवरूनच तयार करवली. पुस्तिका मंडळाच्या सगळ्या घरांत जाते. आमच्याकडेही आली. आईने पाकीट फोडलं, पानं उलटली आणि पुस्तिका माझ्यासमोर ठेवली. माझा फोटो होता. खाली आमचा घरचा नंबर. 'पूर्वीचे विवाह : चार. अपत्य : नाही.'

फोन यायला लागले. काही जण खरंच स्थळ म्हणून करत, बहुतेक नुसते ऐकायला. मी ऑफिसात असायची, फोन आई घ्यायची. ती नुसतं सांगायची, आज कुणी सांताक्रूझचे होते, आज कुणी अमुक होते. एका सुट्टीच्या दिवशी मी घरात असताना फोन वाजला आणि आईने चुकून स्पीकर लावला. कांदिवलीचे कुणी विधुर होते. चांगल्या सुशिक्षित आवाजात त्यांनी विचारलं की चार झालीच आहेत, तर पाचव्याकडून तुमची फारशी अपेक्षा नसेल ना. आईने, नाही हो, तसं काही नाही, असं म्हणून फोन ठेवला आणि पुढ्यातली मेथी निवडायला लागली. चार लग्नं झालेली नाहीत एवढं एक वाक्य तिला सुचलं नाही.

मी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, चुकून झालं असेल, पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत दुरुस्ती छापू. पुढच्या वर्षीच्या. मग म्हणाले, पण प्रतिसाद बरा आला म्हणतात. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, एवढं काय मनाला लावून घेतेस, माणसं विसरतात.

शनिवारी दुपारी मी घाटकोपरला मंडळात गेले. उरलेल्या पुस्तिकांमध्ये निदान दुरुस्तीची एक चिठ्ठी तरी चिकटवून घ्यायची, तोपर्यंत उठायचं नाही, असं ठरवून गेले होते. चिठ्ठीचं अध्यक्षांना आधी फोनवर कळवलंही होतं. बाकावर नोंदणीला आलेले लोक बसले होते. एका मुलीचे आई-वडील, एक म्हातारे गृहस्थ, दोन-तीन बायका. त्यांच्या समोर टेबलाशी, संगणकावर, खुद्द अध्यक्ष बसले होते. मला बघून म्हणाले, बरं झालं आलीस, जरा इथे बस, मुलाचा फॉर्म भरतोय, काही अडलं तर सांग. चिठ्ठीचं नंतर बघू.

त्यांच्या मुलाचं लग्न मोडलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. का मोडलं ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण निळ्या फॉर्मने ते कधी विचारलंच नव्हतं.

अध्यक्षांच्या पाठीमागे भिंतीवर टीव्ही होता. स्थळांचे फोटो बाकावरच्या लोकांना मोठे दिसावेत म्हणून तो त्यांनीच संगणकाला जोडून घेतला होता. संगणकावर जे चाललं असेल ते टीव्हीवर दिसायचं. मी आत आले तेव्हा तो चालू होता आणि त्यावर अध्यक्षांच्या मुलाचं नाव होतं. बाकावरचे सगळे अध्यक्षांच्या डोक्यावरून वर बघत होते. समोर बसलेल्या अध्यक्षांना वाटलं असेल की सगळे आपल्याकडेच बघताहेत. त्यांना तशी सवय होती.

मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले आणि हात मांडीखाली घेतले.

भावंडांपर्यंत ते भराभर गेले. बटण दाबल्यावर दुसरी चौकट उघडली आणि टाइप करायची रेघ आपोआप तिच्यात जाऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी माझं कौतुकही केलं. मग वैवाहिक स्थिती. त्यांनी 'अविवाहित' निवडलं. थोडं थांबले. परत जाऊन 'घटस्फोटित' केलं. चौकट उघडली. त्यांनी कारणाच्या रकान्यात क्लिक केलं आणि एका बोटाने लिहायला लागले.

'सुनेने पोलिसात दिलेली तक्रार मागे', एवढं लिहून त्यांनी पुसलं. 'रागाच्या भरात एकदा', लिहिलं आणि पुसलं. 'एकदा' तेवढं आधी पुसलं, मग बाकीचं. 'मुलगा तापट असला तरी', लिहिलं. त्यावर बराच वेळ थांबले. 'हात' असा शब्द आला आणि गेला. फॉर्म पाठवल्यावर फक्त शेवटचं वाक्य उरतं. माणूस तिथपर्यंत कसा येतो ते चाचणीत शेजारी बसणाऱ्यालाच दिसतं. त्या दिवशी ते सगळ्या बाकाला दिसत होतं. म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा लावला. मुलीच्या आईने नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

शेवटी त्यांनी लिहिलं, 'स्वभाव जुळले नाहीत.' फॉर्मने ते विनातक्रार घेतलं. त्यांनी 'पाठवा' दाबलं आणि मला म्हणाले, काही अडलं नाही बघ.

तेवढ्यात मुलीचे आई-वडील उठले. आम्ही परत कधीतरी येतो, असं म्हणताना त्या बाईची नजर अध्यक्षांवर नव्हती, त्यांच्या वर होती. त्यांनी मान वळवली. टीव्हीवर मोठ्या अक्षरांत 'आपली नोंद झाली आहे. धन्यवाद.' असं होतं आणि वर त्यांच्या मुलाचं नाव.

"हे मघापासून चालू होतं?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हटलं. "तुम्हीच लावून घेतलाय ना."

ते रिमोट शोधायला लागले. टेबलावर, फायलींखाली, खणात. एक फाइल खाली पडून निळे कागद पसरले. रिमोट खिडकीच्या कट्ट्यावर होता, मला दिसत होता. मी बसून राहिले. ते खुर्चीवर चढून टीव्हीचं बटण चाचपू लागले, त्या वयात, चप्पल घालून, आणि बाकावरच्या बायका बघत राहिल्या. शेवटी म्हातारे गृहस्थ उठले, रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. मी पुस्तिकांचा विषय काढला नाही. उठून बाहेर आले आणि स्टेशनजवळ उभं राहून उसाचा रस प्यायले. चवीने प्यायले. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

टीव्हीवर दिसलेलं ते सगळं लांबवर जायला फार वेळ लागला नाही. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, जिथे जिथे पुस्तिका गेली होती तिथे तिथे गेलं. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला. नव्या कमिटीने फॉर्मचं काम कुणाच्या तरी पुतण्याकडे दिलं. त्याने मुलींचा आणि मुलांचा फॉर्म पुन्हा वेगळा केला असं ऐकलं. माझ्या चार लग्नांची दुरुस्ती कुणीच छापली नाही, आणि मीही पुन्हा मागितली नाही.

मावशी एका संध्याकाळी आमच्याकडे आली. बसली नाही, दारातच उभी राहून बोलली. त्या माणसाने मंडळासाठी आयुष्य घालवलं, म्हणाली, आणि तू त्याला चारचौघांत नागवा केलास. टीव्ही चालू आहे एवढे तीन शब्द तुझ्या तोंडून निघाले नाहीत? मी म्हटलं, खरं आहे तेच लिहीत होते ते, लिहायला काय झालं. तिने माझ्याकडे बघितलं. ते वाक्य कुणाचं आहे हे तिला आठवलं की नाही ते मला कळलं नाही. ती आईला म्हणाली, तुझ्या पोरीला सांभाळ, मी आता या घराची पायरी चढणार नाही. आणि गेली.

त्या दोघी बहिणी रोज दुपारी जेवणं झाली की फोनवर बोलायच्या. काही नसायचं त्यात. आज कुठली भाजी केली, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मालिकेत काय झालं. आई गादीवर आडवी होऊन, फोन उशीवर ठेवून बोलायची आणि बोलता बोलता तिला झोप लागायची. ते बंद झालं. मावशीने फोन करायचा सोडला आणि आईने केला तर उचलायचा सोडला. आई काही दिवस प्रयत्न करत राहिली. मग दुपारी ती खाली कंपाउंडमध्ये जाऊन बसायला लागली, वॉचमनच्या खुर्चीशेजारी, उन्हात. घरात आली की टीव्ही लावायची, बघायची नाही. गणपतीत मावशीकडे ती पहिल्यांदाच गेली नाही. बोलावलंच नव्हतं.

मला ती काही बोलली नाही. मी वाट बघत होते. बोलली असती तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. तिसऱ्या रांगेतलं तिचं हसणं मी कुठेही गेले तरी मला दिसत होतं, आणि तेच उत्तर होतं.

एकदा ऑफिसातून आले तर ती ओट्याशी भाकऱ्या थापत होती. पाठमोरीच म्हणाली, "झालं तुझं समाधान?"

मी बॅग ठेवली, चपला काढल्या. खोटं बोलता आलं असतं.

"हो," मी म्हटलं.

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मग जेवून घे," म्हणाली, "गरम आहे तोवर."